मोटेच्या चाकाने ऐकलेले गणित

मित्रांनो, मी एक जुने मोटेचे चाक आहे. येडशीच्या गुरुलिंग सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले आणि शरणबसप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर बसवले. तेव्हा निजामाचे राज्य होते. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत, नाडा म्हणजे जाड दोर माझ्यावरून सरके आणि चामड्याची मोट पाणी घेऊन वर येई. मी कुरकुरत असे. लोक त्याला गाणे म्हणत. खरे सांगायचे तर माझा कणा दुखत असे.

मोट हाकायच्या धुरपदाबाई. नवरा गेल्यावर कासरा त्यांनीच हाती घेतला. बाईमाणसाने मोट हाकावी म्हणून गावाने चार दिवस नाके मुरडली. मग मळा हिरवागार राहिलेला पाहून गाव गप्प बसले.

मालकांचा मुलगा विरुपाक्ष हैदराबादेत कॉलेजात होता. तबीयातीत, म्हणजे पदार्थविज्ञानात, तो नापास झाला. शरणबसप्पांनी बजावले, "अजून एकदा बसून बघ. नापास राहिलास तर पुस्तकं बांधून ठेवायची अन् आपल्या दुकानात यायचं." शिकणे सुटेल या धास्तीने पोरगा वाळत चालला होता. सुटीतली गणिते घेऊन तो विहिरीवर येऊन बसे. कॉलेजात सगळे उर्दूतून शिकवत. उर्दू त्याला चांगले येई, पण गणित सुटत नसे. विचारायचे तरी कुणाला? कळंबपासून येडशीपर्यंत हा विषय शिकलेले कुणीच नव्हते.

एक गणित मोटेचेच निघाले. एका पूर्ण फेरीत बैलांना किती काम पडते? विरुपाक्षने हिशेब मांडला. उतारामुळे बैलांचे स्वतःचे वजनच मोट ओढते, म्हणून काम अगदी थोडे. उत्तर पुस्तकाशी जुळेना. तीन दिवस गेले. शेवटी त्याने वही मिटली आणि डोळे पुसले.

धुरपदाबाईंनी बैल थांबवले. "काय अडलंय दादा? आमाला कळंल असं सांगा की."

त्याने मराठीत सगळे सांगितले. त्यांनी उताराकडे बोट दाखवले.

"उतारानं सोपं जातंय, व्हय. पण माघारी कोण चढतंय? तुमी वहीत बैल खाली नेऊन तिथंच सोडून दिलेत."

मित्रांनो, या मळ्यात वाढलेल्या पोराने हे हजारदा पाहिले होते. पण मोट रिकामी झाली की सगळ्यांचे डोळे पाण्याकडे वळतात. पाठमोरी पावले टाकत चढ चढणाऱ्या बैलांकडे कोण बघतो? विरुपाक्षने ती चढण हिशेबात धरली आणि उत्तर जुळले. त्या दिवसापासून तो प्रत्येक गणितात माघारीची वाट शोधू लागला. त्याच गणिताखालची टीप त्याने मोठ्याने वाचली, "चाकाचे घर्षण शून्य मानले आहे." मला फार राग आला. दिवसभर कण्हणारे मी, आणि शून्य!

विरुपाक्ष पास झाला. मळ्यात पेढे वाटले गेले. शरणबसप्पा आल्यागेल्याला सांगत, "कॉलेजातल्या प्रोफेसरसाहेबांनी लई मेहनत घेतली." विरुपाक्ष शेजारी उभा होता. त्यानेही होकाराची मान डोलावली. धुरपदाबाई दहा हातांवर मोट हाकत होत्या. पेढा त्यांच्यापर्यंत आला, नाव आले नाही.

संध्याकाळी तो एकटाच एरंडेलाची बाटली घेऊन आला.

"मावशी, चारचौघांत मी तुमचं नाव घेतलं न्हाय. लाज वाटली मला."

"मला काय करायचंय नावाचं. आलाव तर चाकाला तेल घाला," असे म्हणून त्या बैल सोडायला गेल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

त्याने माझ्या कण्याला तेल घातले. मला फार बरे वाटले, आणि मान धुरपदाबाईंचा असून तेल मला मिळाले याची लाजही वाटली. पुढे विहिरीवर इंजिन आले. मी आता गोठ्यात पडून असते. माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुम्हीही कुणाला तरी विचारून गणिते सोडवत असाल. त्यात मला खुशाल शून्य धरा. धुरपदाबाईंना शून्य धरू नका.