कुंपणाच्या झिणझिण्या

बर्फाच्या कारखान्यामागे ही रांग! तिथल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी कुंपणात म्हणे शक्ती उतरली होती. हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या! गुडघेदुखी, निद्रानाश, सुनेचा तुसडेपणा, सगळ्यावर हाच एक उतारा.

शक्तीची मुखत्यारी झटकेबाबांकडे होती. "चपला काढा, पाय ओले करा! कोरड्यावर कृपा होत नाही!" ते गरजत. वाक्य विज्ञानाला धरून होतं, हेच दुर्दैव.

रांगेत माझी मावशी होती. "मावशी, घरी चल," मी म्हणालो.

"गप रे! डॉक्टर गुडघा बदला म्हणतात. इथे निदान गुडघा माझाच राहतो."

तिने हात पुढे केला, तोच मागून कुणी ओरडलं, "हात लावू नका! मागे व्हा सगळे!"

कारखान्यातले दिवे लुकलुकतात म्हणून बोलावलेली विजेची इंजिनिअर धावत येत होती. मी मावशीला मागे ओढलं.

"मुली, श्रद्धेत विघ्न आणू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, सगळे अनवाणी, मग तुमच्याच पायांत जाड रबरी बूट कसे?"

"आम्हाला... गारवा सोसत नाही."

तिने रबरी हातमोजे चढवले. मीटरची एक तार कुंपणाला, दुसरी ओल्या जमिनीला लावली. काटा उसळला. मग तिने वीज बंद करायला लावली. काटा शून्यावर.

"शक्ती कुठे गेली?" कुणीतरी विचारलं.

"जेवायला," दुसरा म्हणाला. लोक हसले, आणि तेवढ्यात बाबा पसार झाले.

इंजिनिअरने दाखवलं: गळती जमिनीत नेणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती. चाचणीत ट्रान्सफॉर्मरच्या आतलं, वीज अडवून धरणारं इन्सुलेशनही कमकुवत निघालं. वीज त्याच्या लोखंडी पेटीत आणि कुंपणात झिरपत होती.

"तपासणी कधी केली होती?" तिने कारखान्याच्या मॅनेजरला विचारलं.

"दिवे लागत होते ना! मग तपासायचं काय?"

"आज झिणझिण्या होत्या. इन्सुलेशन पुरतं फुटलं असतं, तर या मावशींना उचलून न्यावं लागलं असतं."

मावशीने चपला शोधून पायांत घातल्या. ती माझा हात घट्ट धरून राहिली.

दुरुस्ती होईपर्यंत कारखाना बंद राहिला, बर्फ वितळून गेला. वितळू दे. विजेला श्रद्धा कळत नाही, तिला फक्त जमिनीत जायला वाट हवी असते. आपण दिली नाही, तर ती माणसातून काढते. म्हणून झिणझिण्या आल्या की हात जोडू नका, विजेच्या इंजिनिअरला बोलवा. आणि खरं तर झिणझिण्या यायच्या आधीच बोलवा, दरवर्षी, न चुकता.