ससा पुढच्या रविवारी

शनिवारी दुपारी क्षिप्रा करंजाड्याहून सानपाड्याला माहेरी आली, तेव्हा पप्पा जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरून मुंग्या काढत बसले होते. चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, पप्पा, तिथले दिनानाथसर, बायबलच्या नीतिसूत्रांतले चार लहान पण शहाणे प्राणी शिकवणार होते. उद्या पहिला धडा.

"साखरेच्या डब्यात मुंग्या झाल्या की माझ्या नावानं ओरडायचं," आई, जयमाला, स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि इथं त्यांना सहा-सहा पाय काढून द्यायचे!"

"त्या वेळेवर तरी येतात," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांनी डावा खांदा दाबून धरला.

क्षिप्रानं ते पाहिलं. "काय होतंय, पप्पा?"

"सकाळपासून दुखतंय जरा. सोमवारी दाखवतो डॉक्टरांना. उद्या वर्ग आहे ना."

एकतीस वर्षांत त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. लहानपणी तापातही तिला वर्गात नेऊन बसवलं होतं. न चुकता हजेरीचं बक्षीस दर वर्षी तिलाच. वर्ग चुकवणं या घरात कुणाला सुचतच नसे.

मुंगीशेजारी ससा होता. "हा कसा शहाणा?" तिनं विचारलं.

"आपल्यात बळ नाही हे त्याला कळतं. म्हणून तो खडकाच्या कपारीत राहतो. त्याला पुढच्या रविवारी घेईन. आधी मुंगी."

‘मग तुमचं काय?’ हे तिच्या जिभेवर आलं होतं, पण उद्या वर्ग होता. तिनं पुठ्ठ्याचा कोपरा धरला, आणि त्यांनी उरलेल्या मुंग्या रंगवल्या.

दुसऱ्या दिवशी धडा अर्ध्यावर असताना ते मुलांसमोरच कोसळले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी घरी सांत्वनाची प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, "दुखत असूनही सर हजर राहिले. शेवटपर्यंत उद्योगी! आपल्या मुलांपुढे याहून चांगला कित्ता कुठला?"

"आमेन," सगळे म्हणाले. जयमालाही.

मग रीतीप्रमाणे घरच्यांनी आभार मानायचे. क्षिप्रा उठली. हातातल्या कागदावर नावं होती. तिनं ती वाचली नाहीत.

"त्यांना शनिवारपासून दुखत होतं. मला माहीत होतं."

"क्षिप्रा, आत्ता नको गं," जयमाला म्हणाली.

"मलाही वाटलं, वर्ग कसा चुकवायचा."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. क्षिप्राचा आवाज चढला नाही. जेवणाच्या टेबलापाशी पप्पाच बसले असावेत, तशी ती बोलली,

"पप्पा, ठेवा तो ब्रश. मुलं एक रविवार घरी राहतील. उठा, आत्ताच जाऊ दवाखान्यात."