हार्लनच्या हातात रुसणारं पिस्तूल

हार्लन प्रुएटने मिस्टर एल्डनचं जुनं पिस्तूल विकत घेतलं, आणि त्याची बायको नॅडीन हिचा ओव्हन थंड होईनासा झाला. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या त्यांच्या नेमबाजी क्लबाचा नियमच तसा होता. शनिवारी नेमबाजांच्या रांगेत उभं असताना ज्याचं पिस्तूल अडकेल, त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी केक आणायचा. हार्लनचं पिस्तूल दर शनिवारी अडकत होतं, त्यामुळे क्लबातल्या मंडळींनी चांगलंच बाळसं धरलं होतं.

प्रत्येक वेळी तेच व्हायचं. दोन-तीन गोळ्या नीट सुटायच्या, आणि मग काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायची सोडून दारातच अडकून बसायची. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं तेल कमी पडलं, कुणी म्हणालं तेल जास्त झालं. हार्लनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिस्तूल खोलून घासलं, नवं मॅगझिन आणलं, काडतुसं बदलली, शेवटी स्प्रिंगही बदलली. पिस्तुलाचा हेका काही सुटला नाही.

"इतक्यात दुरुस्त करू नकोस रे बाबा," रांगेची व्यवस्था बघणारा ड्वेन म्हणाला. "पीचच्या केकचा मोसम तरी संपू दे."

त्या शनिवारी पुंगळी पुन्हा अडकली तेव्हा नॅडीन केक कापत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "दे इकडे. जरा बघू दे मला, कुणासाठी राबतेय मी."

तिने अख्खं मॅगझिन रिकामं केलं. एकही पुंगळी अडकली नाही. दुसरं भरून दिलं, तेही सुरळीत. जन्मभर ब्रेडचं पीठ मळलेले हात होते ते, जागचे हलले नाहीत.

"बायकांचं ऐकतं हे," नॅडीन म्हणाली. "घरात आलेलं पहिलं शहाणं माणूस!"

सगळे खो खो हसले. ड्वेन तेवढा हसला नाही. तो हार्लनच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "खण ओढताना कपाटच पुढे आलं तर खण उघडेल का? गोळीच्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, पण त्यासाठी मनगट घट्ट उभं राहावं लागतं. मनगटच मागे गेलं की..."

"माझं मनगट ठणठणीत आहे."

"मी कुठं काय म्हणालो? कॉफीच्या टेबलावर गुण लिहायला कुणीतरी हवंय, एवढंच."

हार्लनने कॉफीच्या टेबलाकडे पाहिलं. त्या टेबलावर जो बसला तो रांगेत परत आलेला कुणी पाहिला नव्हता. मिस्टर एल्डन आधी त्या टेबलावर बसले, आणि मग घरीच बसले. आपलीही पाळी आली म्हणायची! पण असलं काही कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याच्या माथी मारणं सोपं. म्हाताऱ्याने आपल्याला सडका माल विकला, असं ठरवून त्याने पिस्तूल रिकामं करून डब्यात घातलं आणि ट्रक थेट एल्डनच्या घराकडे वळवला.

मिस्टर एल्डन पडवीत बसले होते. तरुणपणी हार्लनला नेम धरायला शिकवलं ते यांनीच, मागे उभं राहून, त्याचं मनगट आपल्या मुठीत धरून. डबा बघताच त्यांचा चेहरा पडला.

"परत करायला आलास ना? ठेव तिथं," ते म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं मी. इतकी वर्षं कधी दगा दिला नव्हता रे त्याने. शेवटी शेवटी अडकायला लागलं. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो एवढा रडलो, आणि जत्रेत नेऊन तुला विकून टाकलं."

असं म्हणत त्यांनी त्याच्यासाठी बर्फ घातलेल्या गोड चहाचा जग उचलला, दोन्ही हातांनी. तरी बर्फ किणकिणत राहिला. हार्लन त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचे हात खिशात घातले. त्याचा राग कुठल्या कुठे गेला, आणि म्हाताऱ्याबद्दल त्याला भडभडून आलं.

"परत कशाला करू?" तो म्हणाला. "तेच सांगायला आलो, मिस्टर एल्डन. स्प्रिंग मेली होती. बदलली, आता घड्याळासारखं चालतंय."

"स्प्रिंग?"

"नुसती स्प्रिंग."

म्हाताऱ्याने जग खाली ठेवला. "मग चल मागे. नेम धरायला रिकामे डबे मांडलेत अजून कुंपणापाशी."

आता आली का पंचाईत! हार्लनने मुकाट्याने मॅगझिन भरून दिलं. एल्डननी पिस्तूल समोर धरलं, आणि ते थरथरायला लागलं. तेव्हा हार्लन त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यांचं मनगट त्याने दोन्ही मुठींत आवळून धरलं.

"नवी स्प्रिंग जरा कडक आहे," तो पुटपुटला.

गोळी सुटली, पुंगळी टुणकन बाहेर उडाली. दुसरी. तिसरी. डबे एकामागून एक आडवे झाले. मॅगझिन संपलं तरी एकही पुंगळी अडकली नाही. दोघांपैकी कुणीच हात सोडला नाही.

"हार्लन," मागे न बघता एल्डन म्हणाले, "स्प्रिंग मीही बदलून पाहिली होती, लेका."

हार्लनची मूठ आणखी घट्ट झाली.

"माझं मनगट तू धरलंस. शनिवारी तुझं कोण धरणार?"

"नॅडीन," हार्लन म्हणाला. "पण ती मला केक करायला लावेल."