पाहणीच्या दिवशीची टापटीप

माझा धाकटा भाऊ मुलांचा फुटबॉल क्लब चालवतो. नऊ वर्षांपूर्वी सुरू केला तेव्हा अकरा पोरं होती आणि त्यातली दोन चेंडूला घाबरायची. आता एकशे साठ आहेत, पैकी सत्तर मुली. पोरं वाढली, खोली तेवढीच राहिली. बारा बाय दहाची, मागे एक संडास. त्याची कडी आतून लागत नाही, म्हणून एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते.

एवढ्या जागेत एवढी पोरं भाऊ घड्याळावर बसवतो. सगळे त्याला 'वेळापत्रक' म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. एका तुकडीला कपडे बदलायला सात मिनिटं, मग शिट्टी, मग पुढची तुकडी. एकदा दुसऱ्या क्लबचे प्रशिक्षक हे बघून थक्क झाले, तर ते कौतुक भावाला महिनाभर पुरलं. मी शिवणकाम करते. जर्सींवर नंबर शिवायला मैदानावर जाते, त्यामुळे हा प्रकार रोज बघते आणि रोज चिडते.

माझी भाची, म्हणजे या वेळापत्रकाचीच मुलगी, तेरा वर्षांची आहे. गोलकीपर. सराव चार ते सात, म्हणून ती दुपारी बारानंतर पाण्याला शिवत नसे. यंदा तिला दुसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी का पीत नाहीस गं?" तिने खरं ते सांगितलं. घरी आल्यावर भावजय भावाला एवढंच म्हणाली, "पालिकेने खोल्या मंजूर केल्या तर खेळेल. नाही केल्या तर तिचा खेळ बंद."

भावाने दोन खोल्या आणि चार संडासांसाठी अर्ज केलेलाच होता. पाहणीला पालिकेचे इंजिनिअर शनिवारी येणार होते.

आणि इथेच आम्ही माती खाल्ली. कोणी येणार म्हटलं की पसारा आवरायचा, हे आमच्या घरात हाडीमाशी खिळलेलं आहे. भावाने तीन दिवस खपून भिंती रंगवल्या. संडासाला नवी कडी बसवली. नव्वद पोरांना त्या वेळी नदीकाठी पळायला पाठवायचं ठरवलं.

"अरे, त्यांना गर्दी दिसू दे की," मी म्हणाले. "आहे तसं दिसू दे."

"ताई, आपली अब्रू काय चव्हाट्यावर मांडायची? गबाळ्या क्लबला कोण खोल्या देतं?"

मग त्याने मला खोलीच्या मधोमध लावायला पडदा मागितला. मी दिला. नुसता दिला नाही, निळ्या कापडाचा, चुण्या घालून, रात्रभर बसून शिवला. आपल्या हातचं काम साहेब बघणार, ही हौस मलाही होतीच. तेव्हा सगळं खापर भावावर फोडण्यात अर्थ नाही.

इंजिनिअर भला माणूस होता. त्याने मापं घेतली, कडी दोनदा लावून पाहिली, पडदा सरकवून पाहिला.

"अर्जात एकशे साठ मुलं लिहिलीत. एका वेळी आत किती असतात?"

"पंधरा. सात मिनिटांत बाहेर," भाऊ म्हणाला. छाती नुसती फुगली होती.

"कमाल आहे. इतकी शिस्त मी कुठे पाहिली नाही."

भाची गोलपोस्टजवळ उभी राहून हे ऐकत होती.

बाराव्या दिवशी पत्र आलं. उपलब्ध जागा पुरेशी असून तिचा वापर उत्तम आहे. मुलींसाठी पडद्याची स्वतंत्र सोय आहे. प्रस्तावाचा फेरविचार तीन वर्षांनी. यंदाच्या खोल्या नदीपलीकडच्या क्लबला मिळाल्या. तिथे म्हणे पाहणीच्या वेळी पोरं व्हरांड्यात उभ्याउभ्या कपडे बदलत होती आणि सचिव झोपले होते.

भाऊ तडक पालिकेत गेला. कडी आदल्या दिवशी बसवली, पोरं लपवली, सगळं कबूल केलं. इंजिनिअरने शांतपणे ऐकून घेतलं. "मग त्या दिवशी का नाही दाखवलंत हो? अहवाल वर गेला. आता माझ्या हातात काही नाही."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा भावजय भाजी चिरत होती. तिला काही बोलावंच लागलं नाही. भाचीने आपणहून हातमोजे धुऊन, पुसून पिशवीत घातले होते, दुसऱ्या गोलकीपर मुलीला द्यायला. भाऊ तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्याच्या मांडीवर वही होती.

"हे बघ, मी सगळं नव्याने आखतो. तुमच्या तुकडीला सातऐवजी बारा मिनिटं. तुम्ही आधी जायचं, तेव्हा बाकी कुणी फिरकणार नाही. तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

"तीन वर्षांनी मी सोळाची असेन, बाबा."

"अगं, पण मी काय करू? लोकांसमोर आपलं ते तसलं कसं दाखवणार होतो? लाज वाटली मला."

"तुला एक दिवस वाटली," ती म्हणाली. "मला रोज वाटायची."

आवाज चढलेला नव्हता. मला मात्र तिथे बसवेना. भावाने वही मिटली. दुसऱ्या दिवशी चार वाजता तो लेकीशिवाय, एकटाच मैदानावर आला.