खवल्या मांजराचा कागद

आमच्या हिने कागदाचा बेडूक केला, तो खिडकीतून उडी मारून पसार झाला आणि तिसऱ्या दिवशी पोस्टमनने परत आणून दिला. वर तिकीट लावलं नव्हतं म्हणून मलाच झापलं. तिच्या बगळ्याने आमच्या डॉक्टरांचा चष्मा पळवला, हेही खरं. लेक म्हणते, "बाबांच्या बोलण्यातून निम्मं वजा करायचं आणि उरलेलं चाळून घ्यायचं." करा वजा. पण इथून पुढे हात लावू नका. यातलं काही वजा होण्यासारखं असतं, तर आधी मीच केलं असतं.

मी पुस्तकं बांधणारा. सुरकुतलेला कागद आला की त्यावर पाण्याचा हलका हात फिरवायचा, दोन टिपकागदांच्या मध्ये घालायचा आणि लोखंडी प्रेसचं चाक आवळायचं. आठवड्याने काढला की गुळगुळीत. चाळीस वर्षं हेच केलं. ही मात्र नेमकी उलट्या कामातली. एक चौकोनी कागद घ्यायची, कात्री नाही की डिंक नाही, नुसत्या घड्या घालून त्यातून ससा काढायची, खेकडा काढायची, शिंगांसकट सांबर काढायची. जनावर पुरं होईपर्यंत मला तिच्या खोलीत मज्जाव असे.

"तुम्ही बघितलंत की चारचौघांत सांगत सुटता," ती म्हणायची, "आणि तुमच्या तोंडी माझ्या सशाला सहा पाय फुटतात."

त्यामुळे झालेलं जनावरच तेवढं मला दिसायचं. अर्धं काम कसं असतं, ते मी कधी पाहिलंच नाही.

शेवटी तिने खवल्या मांजर काढायला घेतलं. चार महिने बंद दारामागून घडी दाबायची माझीच हाडाची पट्टी कागदावर घासल्याचा आवाज यायचा. जेवताना सांगायची, "साडेतीनशे खवले. एकेक वेगळा उठणार."

"आणि मुंग्या? खाणार काय ते?"

"मुंग्या तुम्ही पुरवा. थापांचं पोतं आहेच तुमच्याकडे, त्यात सापडतील."

मग तिच्या छातीत पाणी झालं. स्ट्रेचरवरून नेताना माझी बाही धरून म्हणाली, "टेबलावरचा कागद जपा."

मी खोलीत गेलो. जनावर कुठेच नव्हतं. टेबलावर मोठा थोरला कागद, आणि त्यावर हजारो रेघा, उभ्या, आडव्या, तिरक्या. जागोजागी वर आलेला, जागोजागी खाली बसलेला. वाटलं, ओल लागून बिचारीचा कागद पार वाया गेलाय. जपा म्हणाली होती. जपायची मला एकच रीत येते. नवे टिपकागद काढले, पाणी इतकं हलकं मारलं की लहान बाळाचं तोंडसुद्धा कुणी इतक्या हळू पुसत नसेल, आणि दोन्ही हातांनी चाक आवळलं. बारा दिवस ठेवला.

तिला घरी आणलं. डॉक्टरांनी लेकीला दाराबाहेर नेऊन काय सांगितलं, ते तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. दुसऱ्या दुपारी ही म्हणाली, "माझा कागद आणा. एवढं एक पुरं करू द्या मला."

मी पुठ्ठ्यावर ठेवून, दोन्ही हातांनी धरून नेला. "बघ, आरसा केलाय."

तिने तळवा फिरवला. एकदा फिरवला, मग उलटा. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"दाबलात?" ती म्हणाली.

"बारा दिवस!"

लेक ओरडलीच. "बाबा! अहो, त्या घड्या म्हणजेच काम होतं! सगळ्या घड्या आधी घालून ठेवायच्या असतात, मग अख्खं जनावर त्यांतून उभं राहतं. चार महिने घातले तिने त्यात!"

"त्यांना बोलू नकोस गं," ही म्हणाली. "मी जपा म्हणाले, त्यांनी जपला." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळपर्यंत वळली नाही.

सकाळी मात्र हुकूम सुटला. "आणा इकडे. मी सांगते, तुम्ही घाला."

"मी?"

"माझ्या बोटांत जोर उरला नाही. तुमची बोटं तरी खरी आहेत ना, की तीही थापाच?"

कागद खिडकीशी तिरपा धरला की जुन्या रेघा पुसट दिसायच्या. पण कुठली घडी वर उचलायची आणि कुठली खाली दाबायची, ते प्रेसने पुसून टाकलं होतं. ते आता फक्त तिच्या डोक्यात होतं. ती सांगायची, "वर. वर. खाली. अहो, ही घडी आहे की पायवाट? नीट नख मारा." मी मारायचो. जन्मभर ज्या हातांनी सुरकुत्या मोडल्या, त्यांना एक सरळ घडी घालताना घाम फुटत होता.

पंधरा दिवस रेघांतच गेले. मग खवले. पहिली ओळ उठली, तिने टाळी वाजवायला हात उचलले, ते मध्येच खाली आले. दुसरी उठली. तिसऱ्या ओळीत खवले उलटे, डोक्याकडे वळायला लागले. पाच वेळा सोडवलं. एव्हाना तिला बोलताना धाप लागायची. मग ती नुसतं बोट वर करायची, बोट खाली करायची. पुढे बोटही थकलं. वीस ओळी व्हायच्या होत्या.

एका दुपारी लेक तिच्या पायांशी बसली होती. हिचे डोळे मिटलेले. म्हणाली, "झालं का हो?"

कागद माझ्या मांडीवर होता. म्हणालो, "नाही गं. तिसऱ्यातच आहे."

"जन्मभर थापा मारल्यात," ती म्हणाली. "आज एक मारवत नाही तुम्हाला?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवात केली.

"अगं, गंमत केली. झालंय. कालच झालं. टेबलावरून उतरून सगळं घर हुंगून आलंय. मुंग्या मिळेनात म्हणून साखरेच्या डब्याशी दबा धरून बसलंय."

"शेपूट?"

"लांबलचक. माझ्या पायात आली, पडता पडता वाचलो."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आणि तिसरी ओळ? कशी सुटली?"

एवढ्या थापा मारल्या, पण ती ओळ कशी सुटते हे मला माहीत नव्हतं, आणि तिला माहीत होतं.

"सुटली आपली," म्हणालो. "सहज."

"थापाडे," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. चौथ्या दिवशी गेली. यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. लेकीला विचारा.