खुंटापाशी चमच्या

"चुकलो की त्याच दिवशी सांगायचं. तिथेच, पाण्याशी. घरी आल्यावर सांगितलंस तर मी भांडेन, आणि जिंकेन."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना घड्याळजी बायकोला म्हणाले होते. तिने "बरं" म्हटलं होतं. तिच्या लेखी ते देवापुढे म्हटल्यासारखंच.

पावसाळा सरला होता, थंडी अजून लांब होती. खाडीकाठच्या राखीव पाणथळीवर दूरदेशीच्या पक्ष्यांचे पहिले थवे उतरले होते. लाकडी खोपीतल्या आडव्या फटीला पक्षिमंडळ दाटीवाटीने डोळे लावून बसलं होतं. मंडळाची रीत जुनी. नाव आधी घड्याळजींनी घ्यायचं, मग इतरांनी दुर्बीण लावायची. जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला माणूस. त्यांनी सांगितलं की काळ्या दगडावरची रेघ.

"चमच्या," घड्याळजी हळूच म्हणाले. "त्या लांबच्या खुंटापाशी. चपट्या चोचीने चिखल चाळतोय. मान कशी डावी-उजवी फिरतेय बघा."

दुर्बिणी तिकडे वळल्या. खुंटाला एक पांढरी गोणी अडकली होती आणि वाऱ्याने हलत होती.

मास्तर खाकरले. "हो की. चोचही चांगली रुंद आहे."

"दिसला, दिसला," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

नव्याने येऊ लागलेली नर्स मात्र दुर्बिणीचं चाक फिरवतच राहिली. "मला नाही दिसत हो, काका."

"नजर बसायला वेळ लागतो, पोरी," घड्याळजी मायेने म्हणाले. "माझी काय एका दिवसात बसली?"

नर्सने काचा पुसल्या, पुन्हा पाहिलं. "हां. दिसला वाटतं," ती म्हणाली, आणि ओशाळून हसली.

घड्याळजींच्या बायकोने ते हसू पाहिलं.

नंतर बांधावर चहा झाला. घड्याळजी खोपीतच थांबले होते. नर्स आणि बँकेतल्या बाई गाडीकडे गेल्यावर मास्तर हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, सोडून द्या. एका गोणीने काय बिघडतंय?"

"गोणीने काही नाही, भावजी. तुम्ही तिला चोच लावलीत."

मास्तरांनी कपातला चहा उगाच ढवळला. "आणि सांगितलं, तर पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत ते इथे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

भरतीचं पाणी चढत होतं. खोपीच्या दारातून घड्याळजींची दबकी हाक आली. "अगं, अजून उडाला नाही बघ तो. दमलाय बिचारा. पाणी पायांना लागलं तरी हलेना."

"आले हं," ती म्हणाली.

थर्मासमधला उरलेला चहा तिने त्यांच्या पेल्यात ओतला. चपला काढून हातात घेतल्या, आणि पाखरं बिथरणार नाहीत अशा बेताने, फळ्यांवर अनवाणी पावलं टाकत ती खोपीकडे निघाली.