बहिष्काराचा रविवार

इस्माईलला राग आला की तो आधी रिक्षावर काढायचा, मग बायकोवर, आणि उरलाच तर फुटबॉलवर. पण २००२ सालच्या त्या हिवाळ्यात हा क्रम उलटा झाला होता. सगळा राग फुटबॉलवरच संपत होता. रिक्षा आणि आमिना दोघीही सुखात होत्या.

कारणही तसंच होतं. महाडचा सावित्री स्पोर्टिंग हा संघ दाऊदशेठ ट्रान्सपोर्टवाल्यांनी उभा केलेला. कोकण किनारा लीगमध्ये नाव घालायची वेळ आली तेव्हा कागदावर मालक कोण लिहायचा, यावर कुणी दोन मिनिटंही घालवली नाहीत. "शेठचंच नाव टाका, संघ काय पळून जातोय?" असं सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला होता तो इस्माईलच. शेठ होते तोवर ते खरंही होतं. सामन्याच्या दिवशी त्यांचा ट्रक पार पोलादपूरपासून माणसं गोळा करत यायचा. शेठ गेले आणि ट्रकांबरोबर संघही त्यांच्या मुलाच्या, मुसैबच्या, वाट्याला आला.

मुसैब राहायला वाशीला. दोन वर्षांत तो एकदाही मैदानाकडे फिरकला नाही. प्रशिक्षक गेला तो गेलाच. चांगला गोलकीपर दुसऱ्या संघाला देऊन टाकला. गोलची जाळी फाटली तेव्हा लोकांनीच मासे धरायचं जुनं जाळं आणून बांधलं. आणि आता तर संघच पनवेलला जाणार अशी कुणकुण लागली होती. खरं-खोटं विचारणार कुणाला? मुसैब फोन उचलत नव्हता.

चहाच्या टपरीवर मंडळी जमली. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा काशीराम तेवढा शांत होता. वीस वर्षं तो आणि इस्माईल मैदानाच्या एकाच पायरीवर बसून घसा फोडत आले होते.

"त्याला आपली किंमत कळली पायजे," इस्माईल म्हणाला. "येत्या रविवारी एक माणूस मैदानात जायचा नाय. रिकामं मैदान दिसलं की लाज वाटंल त्याला."

"तो येतो कुठं बघायला?" काशीरामनं विचारलं.

"कानावर तरी जाईल ना!"

रागावलेल्या माणसांच्या सभेत सगळ्यांत वाईट कल्पनेसाठी सगळ्यांत जास्त हात वर होतात. इथंही झाले. काशीरामनंही शेवटी केला. घरी आमिनाला सांगितलं तर ती म्हणाली, "राग बापावर आणि उपाशी पोरं. खेळणाऱ्या पोरांनी काय केलंय तुमचं?" इस्माईल बाहेर जाऊन रिक्षा पुसत बसला.

रविवारी सकाळी वीर स्टेशनावर त्याला दोन गिऱ्हाइकं मिळाली. इस्त्रीचे कपडे, हातात फायली. महाडच्या मैदानावर जायचं म्हणाले. ही मुसैबची माणसं, हे इस्माईलनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

"आज सामना आहे ना?" त्यातल्या चष्मेवाल्यानं वाटेत विचारलं. "गर्दी असते का?"

"गर्दी?" इस्माईलला तर अशी संधी हवीच होती. "आज कुत्रंसुद्धा फिरकणार नाय बघा, साहेब."

"का हो? लोकांची काही तक्रार आहे का?"

"तक्रार करायला आपुलकी लागते, साहेब. इथं कुणाला पडलीय त्या संघाची?"

चष्मेवाल्यानं फाईल उघडून काहीतरी टिपून घेतलं. चांगली जिरवली, असं वाटून इस्माईलनं मैदान येईपर्यंत शीळ घातली.

मग तो फाटकावर उभा राहिला. जो येईल त्याला हात जोडून परत पाठवत होता. मंडळी ऐकतही होती. नडला तो एकटा हैबती. पोलादपूरचा हा म्हातारा ट्रक बंद झाल्यापासून एसटीनं यायचा, पण सामना चुकवायचा नाही.

"अरे, मी भांडाया नाय आलो. बघाया आलोय," तो म्हणाला.

"आजचा दिवस नको, चाचा. संघासाठीच सांगतोय."

हैबतीनं एकवार आत पाहिलं, सोबत आणलेली भाकरी तिथंच उभ्यानं खाल्ली आणि पुन्हा स्टँडकडे निघाला. इस्माईलला कसंसंच झालं, पण नेता झालं की मन घट्ट करावं लागतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

आत पोरं उतरली. रिकाम्या पायऱ्यांकडे बघत ती जरा वेळ तशीच उभी राहिली. पायऱ्यांवर फक्त ते दोघे फायलीवाले होते. उत्तरार्धात आपल्या पोरानं कोपऱ्यातून असा काही गोल मारला की दाऊदशेठ असते तर त्यांनी टोपी उडवली असती. गोल मारून पोरगा पायऱ्यांकडे धावत आला, अर्ध्यात थांबला आणि मान खाली घालून परत गेला. फाटकाआडून इस्माईलनं ते पाहिलं. वर जाऊ पाहणारे हात त्यानं खिशात कोंबले. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, आणि ती मुसैबला वाटायची होती.

तीन आठवड्यांनी लीगचं पत्र टपरीच्या पत्त्यावर आलं; लीगकडे संघाचा पत्ता शेठच्या वेळेपासून तोच होता. काशीरामनं ते मोठ्यानं वाचलं. महाडात संघाला कुणी विचारत नाही, म्हणून तो पनवेलला न्यायची परवानगी द्या, असा अर्ज मुसैबनं केला होता. लीगला ते पटलं नव्हतं. म्हणून न कळवता दोन सदस्य सामना बघायला पाठवले होते. माणसं दिसली असती तर अर्ज फेटाळायचं ठरलं होतं. मैदान पूर्ण रिकामं आढळलं. सबब परवानगी दिली आहे.

पण पत्र संपलं नव्हतं. "'स्टेशनवरून आणणाऱ्या स्थानिक रिक्षाचालकानेही गावाला संघाबद्दल आपुलकी नसल्याचे सांगितले.'" त्यानं मान वर केली. "कोण रे हा हरामखोर?"

टपरीवर शिव्यांचा पाऊस पडला. इस्माईलनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"मी," तो म्हणाला.

काशीरामनं पत्र बाकावर ठेवलं. "तू? अरे, मग त्यांना खरं का नाय सांगितलंस? की आमी रुसलोय म्हणून?"

इस्माईलचे डोळे भरून आले होते. ते त्यानं लपवलेही नाहीत. "रुसलेला माणूस सोताहून सांगतो काय रे कधी? समोरच्यानं विचारावं लागतं. 'का हो, काय तक्रार हाय का?' असं कुणीतरी..."

तो बोलता बोलता थांबला.

"काय झालं?" काशीरामनं विचारलं.

"विचारलं होतं रे त्यांनी," इस्माईल म्हणाला.